कुंपण, काठी आणि प्रेक्षक : क्रीडांगणावरील गर्दीचा एक इतिहास



या स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण देताना चिटणिसांनी विषयनिवडीची मोकळीक दिली होती. मी 'क्रीडांगणावरील गर्दी आणि पोलीस' हा विषय कळविला, तेव्हा त्यांनी पुन्हा एकदा दूरध्वनी करून खात्री करून घेतली. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मयावर बोलावे, फार तर निजामी राजवटीतील मराठी शिक्षणाच्या हालअपेष्टा सांगाव्यात, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु या विषयामागे दोन कारणे आहेत. एक कारण घरातले आहे, ते आता सांगतो. दुसरे या शाळेच्या मैदानावरचे आहे. ते सांगायला मला जवळजवळ पन्नास वर्षे धीर झाला नाही. ते शेवटी सांगेन.

माझा नातू रात्री उशिरापर्यंत जागून स्पेनमधील फुटबॉलचे सामने पाहतो. एका रात्री मीही त्याच्या शेजारी बसलो होतो. गोल झाला, साठ-सत्तर हजार माणसे उभी राहिली, आणि दूरदर्शनच्या पडद्यावर क्षणभर एक रांग दिसली. मैदानाकडे पाठ आणि प्रेक्षकांकडे तोंड करून उभी असलेली बंदोबस्ताची माणसे. नातवाने विचारले, "आजोबा, एवढ्या जवळ उभे राहून हे लोक सामना का पाहत नाहीत?" मी म्हणालो, "त्यांना सामना पाहायचा नसतो, पाहणाऱ्यांना पाहायचे असते." उत्तर तत्परतेने दिले खरे, पण ते माझे मलाच पुरेसे वाटेना. पाहणाऱ्यांना पाहायचे, म्हणजे नेमके काय म्हणून पाहायचे? पाहुणे म्हणून की संशयित म्हणून? आजचे व्याख्यान या एका प्रश्नाभोवती आहे.

(१)

भाषेच्या अध्यापकाला प्रथम शब्द दिसतो. 'बंदोबस्त' हा आपल्या भाषेत फार्सीतून आलेला आणि आता पूर्णपणे घरचा झालेला शब्द. त्याचे दोन्ही अवयव बांधण्याच्या अर्थाचे आहेत. परंतु मराठीने त्याला दोन वेगळ्या वाटांनी नेले. लग्नघरी आपण विचारतो, "पाण्याचा बंदोबस्त झाला का? पाहुण्यांच्या मुक्कामाचा बंदोबस्त कोणी केला?" येथे बंदोबस्त म्हणजे सोय, तजवीज. आणि गल्लीतील उपद्रवी माणसाविषयी आपण म्हणतो, "याचा काहीतरी बंदोबस्त केला पाहिजे." येथे बंदोबस्त म्हणजे बीमोड.

सामन्याच्या दिवशी मैदानावर जो 'कडक बंदोबस्त' असतो तो या दोहोंपैकी कोणता? माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, गर्दीला गरज असते ती पहिल्या अर्थाच्या बंदोबस्ताची. दारे किती, जिने किती रुंद, तिकिटे किती विकली, बाहेर पडण्याची वाट कोणती, याच्या तजविजीची. ती नसली की मग दुसऱ्या अर्थाचा बंदोबस्त करण्याची वेळ येते, आणि पुष्कळदा त्यातूनच दंगल जन्माला येते. हे विधान मी कल्पनेने करीत नाही. त्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही, नल्लकुंट्याहून फतेह मैदानापर्यंत गेले तरी पुरे.

(२)

हैदराबादच्या माणसाच्या कानात 'पोलीस' हा शब्द एका विशिष्ट इतिहासासह वाजतो. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य संस्थानात उतरले आणि १३ ते १७ तारखांच्या आत निजामाची राजवट संपली, त्या लष्करी कारवाईलाही आपण आजतागायत 'पोलीस ॲक्शन' असेच म्हणतो. कोणासाठी तो शब्द मुक्तीचा होता, कोणासाठी भयाचा. आमच्या लहानपणी घराघरांतून दोन्ही अर्थ ऐकू येत.

त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १९५० साली, याच शहराचा पोलीस एका निराळ्या वेषात देशापुढे आला. 'हैदराबाद सिटी पोलीस' या फुटबॉल संघाने मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा जिंकली, आणि १९५४ पर्यंत ती सलग पाच वर्षे जिंकली. १९५० सालीच मोहन बागानला हरवून त्यांनी ड्युरँड चषकही मिळविला. या संघाचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर होते. काचीगुडा, चादरघाट अशा आपल्या परिचयाच्या भागांतील शाळांत त्यांनी मुलांना शिकविले. पुढे तेच भारतीय संघाचे शिक्षक झाले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ व १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविले, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान पटकावले. नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, युसूफ खान ही नावे त्या काळी पानाच्या ठेल्यावरही आदराने उच्चारली जात.

मुंबईच्या कूपरेज मैदानावर त्या पाच वर्षांत टाळ्या वाजविणाऱ्या प्रेक्षकांत मराठी गिरणीकामगार असतील, कारकून असतील. ते ज्यांच्यासाठी टाळ्या वाजवीत होते ते पोलीस होते, आणि तेही कुंपणाच्या आतले. पोलिसाची प्रेक्षकांकडे पाठ होती आणि तोंड खेळाकडे. हे दृश्य मला फार अर्थपूर्ण वाटते.

मात्र येथे भाबडेपणा नको. सप्टेंबर १९५२ मध्ये याच शहरात मुल्की आंदोलनाच्या वेळी सिटी कॉलेजच्या परिसरात पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मेली. त्याच १९५२ साली सिटी पोलीस संघाने रोव्हर्स चषक सलग तिसऱ्यांदा जिंकला. एकाच वर्षी, एकाच खात्याचे, एकाच शहराचे हे दोन चेहरे. तेव्हा प्रश्न पोलिसाच्या स्वभावाचा नाही. त्याला कोणत्या जागी, कोणत्या कामासाठी, आणि समोरच्या माणसाविषयी काय सांगून उभे केले आहे, याचा तो प्रश्न आहे.

(३)

आता तीन प्रसंग क्रमाने पाहू. तिन्ही क्रिकेटचे आहेत. आपल्याकडे फुटबॉलच्या वाट्याची गर्दी पुढे क्रिकेटने घेतली, म्हणून गर्दीचा इतिहास शोधायचा तर त्याच मैदानांवर जावे लागते. तिन्ही प्रसंगांत घडलेली कृती एकच आहे. प्रेक्षकांपैकी कोणीतरी सीमारेषा ओलांडून आत धावते.

पहिला प्रसंग जानेवारी १९६० चा, मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावरचा. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत आपल्या हैदराबादचा तरुण फलंदाज अब्बास अली बेग याने अर्धशतक पूर्ण केले. चहापानासाठी खेळाडू परतत असताना एक तरुणी मैदानात धावत गेली आणि तिने त्याच्या गालाचे चुंबन घेतले. साठ सालच्या मुंबईत! बेगसाहेबांना काय वाटले असेल ते असो, प्रेक्षक मात्र हसले, टाळ्या पिटल्या, आणि तो प्रसंग क्रिकेटच्या गप्पांत कायमचा जाऊन बसला. कोणी कोणाला मारले नाही. काहीही जळाले नाही.

दुसरा प्रसंग ऑक्टोबर १९६९ चा, आपल्या फतेह मैदानावरचा. त्याचे नाव तोवर लालबहादूर शास्त्री यांच्या नावे बदललेले होते. न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत भारताची अवस्था ९ बाद ४९ अशी होऊन डाव ८९ धावांत आटोपला. तिसऱ्या दिवशी खेळ संपण्याच्या सुमारास एक मुलगा मैदानात धावला, आणि बंदोबस्तावरील माणसाकडून त्याला असा मार बसला की त्याचे रक्त प्रेक्षकांना दिसले. त्यानंतर खुर्च्या मैदानात येऊन पडू लागल्या, जागोजाग आगी लागल्या. अखेरच्या दिवशी ७ बाद ७६ अशा स्थितीत पावसाने भारताला पराभवापासून वाचविले, हे क्रिकेटच्या ग्रंथांत नोंदलेले आहे. पण आम्हा त्या वेळच्या विद्यार्थ्यांच्या स्मरणात राहिले ते दुसरेच.

मी तेव्हा महाविद्यालयात होतो. तिकिटाला पैसे नव्हते, म्हणून मैदानात नव्हतो. परंतु त्या वर्षाचे हैदराबाद मला आठवते. जानेवारीपासून तेलंगणाच्या मागणीचे आंदोलन पेटलेले होते. महाविद्यालये महिनोन् महिने बंद होती, आमच्या पिढीचे शैक्षणिक वर्ष वाहून गेले, आणि अनेक तरुण पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांचे स्मारक गन पार्कमध्ये आहे, ते फतेह मैदानापासून फार दूर नाही. त्या मैदानावर बसलेल्या तरुणांपैकी कित्येकांनी ती काठी आधी रस्त्यावर पाहिलेली होती. मुलाच्या अंगावर ती पडताना पाहून जो संताप उसळला तो एका दिवसाचा नव्हता. गर्दी मैदानावर येते तेव्हा शहर आपल्या जखमांसह आत येते. दाराशी पिशव्या तपासता येतात, पण आठवणी बाहेर ठेवून या, असे कोणाला सांगता येत नाही.

तिसरा प्रसंग जानेवारी १९७५ चा. मुंबईत वानखेडे मैदान नुकतेच बांधून झाले होते आणि तेथे पहिलीच कसोटी चालू होती. वेस्ट इंडीजचा कर्णधार क्लाइव्ह लॉइड याने द्विशतक पूर्ण केले. एक तरुण त्याचे अभिनंदन करण्यासाठी धावला. लक्षात घ्या, प्रतिस्पर्धी संघाच्या कर्णधाराचे अभिनंदन! यापेक्षा उदार प्रेक्षक कोणत्या देशाला हवा असतो? पोलिसांनी त्याला बडविले. प्रेक्षक खवळले, मोडतोड व जाळपोळ झाली, आणि चहापानानंतरच्या खेळाला सर्वांनाच मुकावे लागले. नव्या कोऱ्या मैदानाला पहिल्याच सामन्यात आग पाहावी लागली.

सीमारेषा तिन्ही वेळा ओलांडली गेली. नियमभंग तिन्ही वेळा झाला. आग मात्र दोनदाच लागली. मग आगीचे कारण नियमभंग हे कसे म्हणावे? कारण होता तो प्रहार. हजारो माणसे पाहत असताना, निःशस्त्र आणि आनंदाने धावणाऱ्या एकाच्या अंगावर पडलेला प्रहार. प्रेक्षकाला त्या क्षणी कळते की आपण येथे पाहुणे नाही. तोवर तो एकटा असतो. कोणी बापासोबत आलेला, कोणी मित्रासोबत, कोणी कचेरीला दांडी मारून आलेला. त्या प्रहाराने ती सारी माणसे एक होतात. जमाव दाराशी तयार होऊन येत नाही, पुष्कळदा तो काठीच्या आवाजाने आत तयार होतो.

(४)

आता गर्दीची दुसरी शोकांतिका पाहू. तिच्यात काठी क्वचित असते, दोष असतो तो दाराचा, जिन्याचा आणि तिकिटाचा.

१ जानेवारी १९६७ रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर जागांपेक्षा जास्त माणसे आत आली. बसायला जागा नाही म्हणून ती सीमारेषेपर्यंत सरकली, त्यांना मागे रेटण्यासाठी लाठीमार झाला, आणि मैदान पेटले. त्या दिवशी खेळ होऊ शकला नाही. येथे प्रेक्षकांचा अपराध काय होता? विकत घेतलेल्या तिकिटावर बसायला जागा मागणे! डिसेंबर १९६९ मध्ये त्याच मैदानाबाहेर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीच्या तिकिटांसाठी उडालेल्या झुंबडीत सहा माणसे मेली. आणि १६ ऑगस्ट १९८० रोजी तेथेच मोहन बागान व ईस्ट बंगाल यांच्या फुटबॉल सामन्यात दोन्हीकडचे समर्थक एकाच भागात बसविलेले असताना हाणामारी झाली, पळणाऱ्यांची जिन्यांवर चेंगराचेंगरी झाली आणि सोळा प्रेक्षक प्राणास मुकले. बंगालमध्ये तो दिवस आजही फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळतात.

हे केवळ आपल्या गरीब देशाचे दैन्य आहे, असेही समजू नये. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लोखंडी कुंपणाशी चिरडून माणसे मेली. मृतांचा आकडा कालांतराने ९७ झाला. ते कुंपण प्रेक्षकांना आवरण्यासाठी बांधलेले होते. पोलिसांनी आधी दोष प्रेक्षकांवरच टाकला. प्रेक्षक निर्दोष होते आणि मृत्यू बेकायदा कृतीमुळे झाले, हा न्यायालयीन निर्णय यायला २०१६ साल उजाडले. सत्तावीस वर्षे! आपल्या मुलाचा मृत्यू त्याच्याच दांडगाईने झाला, असे ऐकत ज्या आईबापांनी ही वर्षे काढली त्यांचे दुःख कोणत्या कोष्टकात मांडणार?

आपल्या शहरालाही याचे विस्मरण होऊ नये. २२ सप्टेंबर २०२२ रोजी सिकंदराबादच्या जिमखाना मैदानावर भारत-ऑस्ट्रेलिया सामन्याच्या तिकिटांसाठी पहाटेपासून रांगा लागल्या. दारे अपुरी, खिडक्या अपुऱ्या. रेटारेटी झाली, लाठ्या चालल्या, माणसे जखमी झाली. आणि ४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानाच्या दारांबाहेर, आत विजयोत्सव चालू असताना, अकरा जणांचा प्राण गेला. १९६९ च्या कलकत्त्यापासून २०२५ च्या बंगळूरपर्यंत आपण दूरध्वनी खिशात घालू लागलो, तिकीट पडद्यावर घेऊ लागलो. दार मात्र तेवढेच अरुंद राहिले.

(५)

नातवाच्या प्रश्नाने ज्या देशाकडे आपण निघालो होतो त्या स्पेनकडे आता वळू. आपण जे भोगले त्यावर त्या देशाने कायद्याने उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला, म्हणून त्याचा अनुभव उपयोगाचा आहे.

स्पेनमध्ये जनरल फ्रँकोची हुकूमशाही १९७५ साली त्याच्या मृत्यूने संपली. लोकशाही आली, पण ज्या पोलिसाला लोक चाळीस वर्षे भीत होते तोच पोलीस फुटबॉलच्या मैदानावर उभा राहिला. त्याच सुमारास मोठ्या क्लबांभोवती कडव्या समर्थकांच्या टोळ्या वाढू लागल्या. त्यांच्या झेंड्यांमागे कधी राजकारण असे, कधी प्रांतांचे जुने वैर, कधी नुसती गुंडगिरी. ब्रसेल्सच्या हायसेल मैदानावर १९८५ साली ३९ प्रेक्षक मेले, तेव्हा सारा युरोप हादरला. स्पेनने १९९० साली नवा क्रीडाकायदा केला. त्यातून मैदानावरील हिंसाचाराविरुद्ध एक राष्ट्रीय आयोग उभा राहिला. मैदानासाठी पोलीस दलातील सुरक्षा-समन्वयक नेमला जाऊ लागला. कोणता सामना अधिक जोखमीचा हे आधी ठरवून त्याप्रमाणे तजवीज होऊ लागली. २००७ साली हिंसा, वंशद्वेष आणि असहिष्णुता यांविरुद्ध स्वतंत्र कायदाही आला. पहिल्या अर्थाचा बंदोबस्त तो हाच.

म्हणून सारे निभावले का? नाही. मार्च १९९२ मध्ये बार्सेलोनात एस्पान्योल क्लबच्या सामन्यात समोरच्या बाजूने सोडलेल्या दारूकामाच्या नळीने तेरा वर्षांचा एक मुलगा मेला. एप्रिल २०१२ मध्ये बिल्बाओ येथे संघाच्या यशाचा आनंद साजरा होत असलेल्या एका बोळात पोलिसांनी रबरी गोळ्या झाडल्या. एक तरुण डोक्याला मार लागून चार दिवसांनी मरण पावला, आणि पोलिसांच्या अधिकाऱ्यास शिक्षा व्हायला २०१८ साल उजाडले. याउलट नोव्हेंबर २०१४ मध्ये माद्रिदला नदीकाठी दोन क्लबांच्या टोळ्या ठरवून भिडल्या आणि एका समर्थकाचा बळी गेला. त्या दिवशीचा सामना जोखमीचा म्हणून नोंदलेलाच नव्हता.

बिल्बाओ आणि माद्रिद ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. एका ठिकाणी आनंद साजरा करणाऱ्यांना जमाव समजून बळ वापरले गेले. दुसऱ्या ठिकाणी खऱ्या टोळ्या येत होत्या आणि तेथे पुरेशी नजरच नव्हती. कायदा शिकवितो तो विवेक नसला की बळ नको तेथे खर्च होते आणि हवे तेथे कमी पडते. माणसामाणसांत फरक करता न येणे, हा गर्दी हाताळणाऱ्याचा सर्वांत मोठा दोष होय.

(६)

येथवर मी प्रेक्षकांची वकिली केली. परंतु वकिली म्हणजे इतिहास नव्हे. गर्दीचेही अपराध असतात आणि ते मोठे असतात.

ज्या रहीमसाहेबांचा मघाशी उल्लेख केला त्यांनीच ते सोसले आहेत. १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धांत यजमानांनी इस्रायल व तैवान यांना दूर ठेवले. भारताचे क्रीडाप्रतिनिधी गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर हरकत घेतली, तेव्हा भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. ४ सप्टेंबरला फुटबॉलच्या अंतिम सामन्यात सुमारे लाखभर प्रेक्षक भारताविरुद्ध ओरडत होते. त्यातही भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरविले. खेळाडूंनी कोणाचे काय वाकडे केले होते? गर्दी राजकारणाचा राग अकरा मुलांवर काढीत होती. कर्करोगाने ग्रासलेला हा हैदराबादी शाळामास्तर त्यानंतर वर्षभराच्या आत, जून १९६३ मध्ये वारला.

आपलाही आरसा पाहू. १३ मार्च १९९६ रोजी ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात भारत हरत आहे असे दिसताच बाटल्या पडू लागल्या, आगी लागल्या. सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला आणि विनोद कांबळी रडत मैदानाबाहेर आला. त्या दिवशी कोणा मुलाला कोणी मारले नव्हते. पराभव सहन झाला नाही, एवढेच. तो सामना थांबविणारे सामनाधिकारी होते क्लाइव्ह लॉइड! ज्याच्या द्विशतकासाठी १९७५ मध्ये एक मुंबईकर मार खाऊनही धावला होता, त्याच गृहस्थाला एकवीस वर्षांनी आमची ही बाजू पाहावी लागली. फेब्रुवारी १९९९ मध्ये त्याच मैदानावर पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीत पोलिसांनी सारे प्रेक्षक बाहेर काढले आणि उरलेला खेळ रिकाम्या बाकांसमोर झाला. दुसऱ्या अर्थाच्या बंदोबस्ताची ती परमावधी. मैदान शांत झाले, कारण तेथे कोणी उरलेच नाही! त्याआधी तीनच आठवडे चेन्नईच्या प्रेक्षकांनी त्याच पाकिस्तानी संघाच्या विजयाला उभे राहून मानवंदना दिली होती. स्पेनमध्येही २०२३ साली व्हॅलेन्सियाच्या मैदानावर कृष्णवर्णीय खेळाडूला वंशद्वेषाच्या शिव्या देणाऱ्या तिघांना पुढच्या वर्षी न्यायालयाने तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. शिक्षा बोट ठेवून त्या तिघांना झाली, संपूर्ण मैदानाला नव्हे. न्याय असाच असावा लागतो.

आणखी एक अगदी अलीकडचे उदाहरण. १३ डिसेंबर २०२५ रोजी स्पेनच्या मैदानांवर नाव कमावलेला लिओनेल मेस्सी कोलकात्यात आला. मोल देऊन बसलेल्या प्रेक्षकांना तो दिसेना, कारण प्रतिष्ठितांनी त्याला वेढले होते. तो लवकर निघून गेला आणि लोकांनी खुर्च्या उखडल्या. त्याच संध्याकाळी तो आपल्या उप्पलच्या मैदानावर आला, मुलांबरोबर चेंडू खेळला, लोकांनी पाहिले आणि सारे घरी गेले. हैदराबादी माणूस कोलकात्याच्या माणसापेक्षा सद्गुणी आहे, असा निष्कर्ष मी यातून काढणार नाही. लोक जे पाहायला आले होते ते येथे त्यांना पाहायला मिळाले, इतकेच.

(७)

मराठी माणसाला गर्दीचे शास्त्र परदेशातून आणावयाचे कारण नाही. पंढरीच्या वाटेवर लाखो माणसे चालतात. मुक्कामी समाज-आरतीच्या वेळी चोपदार हातातील चोप उंचावतो आणि हजारो टाळ-मृदंग थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते. चोपदार तेथे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, मगच आरती पुढे सरकते. तोही दंडच आहे. तो उंचावला जातो, कोणाच्या पाठीवर पडत नाही. आणि रिंगणात अश्व धावतात तोवर सारे कडेला बसतात. अश्व गेले की तीच माणसे टापांखालची माती कपाळी लावायला आत धावतात. रेषा पाळण्याची वेळ आणि रेषा ओलांडण्याची वेळ, दोन्ही तेथे ठरलेल्या आहेत. यातील शहाणपण एवढेच की गर्दीला तक्रारीची वाट आहे आणि आनंदाचीही.

आता ते दुसरे कारण सांगतो. जानेवारी १९७५ मध्ये मी या शाळेत तरुण शिक्षक होतो. वानखेडेची बातमी वृत्तपत्रात आली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत मी पोलिसांना पुष्कळ दूषणे दिली. गुरुजी, ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत, कोपऱ्यात बसून ऐकत होते. त्यानंतर थोड्याच दिवसांनी शाळेचा क्रीडादिन झाला. दोराजवळ शिस्तीचे काम माझ्याकडे होते आणि हातात छडी होती. एका शर्यतीच्या शेवटी पाचवीतला एक मुलगा दोराखालून निसटला आणि पहिला आलेल्या मोठ्या भावाला मिठी मारायला धावला. मी त्याच्या पिंढरीवर छडी ओढली. मला वाटले, मी मैदान सांभाळतो आहे. त्या मुलाने रडू आवरले आणि भावाकडे न जाता तो परत फिरला. समोर बसलेली शे-दोनशे मुले एकदम गप्प झाली. ती शांतता मी अजून विसरलेलो नाही.

गुरुजी मला त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. पुढच्या वर्षी क्रीडादिनाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी दोर गुंडाळून कोठीत टाकायला सांगितला. फक्कीची रेघ आखली आणि मुलांना रेघेलगत मांडी घालून बसविले. प्रत्येक शर्यत संपली की ते शिट्टी वाजवीत, आणि विजेत्याच्या वर्गाने आत धावून जावे अशी मोकळीक असे. दुसरी शिट्टी झाली की सर्वांनी परत यायचे. मुले परत येत. एकही मूल शिट्टीआधी उठले नाही असे मी म्हणणार नाही, पण छडीची गरज कोणालाच वाटली नाही. माझ्या हातात त्यांनी त्या वर्षी पाण्याची घागर आणि पेला दिला होता.

त्या पाचवीतल्या मुलाची मी कधी क्षमा मागितली नाही. तो आज साठीच्या पुढे असेल. कदाचित या सभागृहात असेल, कदाचित ही पुस्तिका त्याच्या हाती पडेल. त्याला माझे सांगणे इतकेच की, त्या दिवशी रेघ तू ओलांडलीस खरी, पण चूक माझी होती.